जुना कॅमेरा : ठेवावा की बदलावा?

गेल्या माघ महिन्यात डिलाईल रोडवरील स्टीलच्या भांड्यांच्या एका पेढीवर कॅमेऱ्याचा विषय निघाला आणि पुढे आठ-दहा दिवस तो काही केल्या मिटेना. निमित्त होते दादीजींच्या वर्षीतपाच्या पारण्याचे. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी फाल्गुन वद्य अष्टमीपासून तप आरंभिले होते. एक दिवस उपवास, दुसऱ्या दिवशी बियासणे, असा तेरा महिन्यांचा क्रम अक्षय्य तृतीयेला पूर्ण व्हायचा होता. लग्नातील हार पुन्हा घालून छायाचित्र काढता येते. पारण्याचा पहिला घोट मात्र एकदाच घेतला जातो.

नातवाचे म्हणणे असे की, घरातला कॅमेरा आता कालबाह्य झाला आहे; नवीन, आरसा नसलेला म्हणजे मिररलेस कॅमेरा घ्यावा. त्याने काढलेला अंदाज लेन्ससह १,४०,००० रुपयांचा होता. वडिलांचे म्हणणे असे की, जी वस्तू चालते आहे ती बदलायची कशाला? दादीजींना विचारले, "बाई, तुमचे काय म्हणणे?" तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले की, त्या वेळी महाराजसाहेब समोर असतील, तेव्हा लखलखाट नको. वरवर साध्या वाटणाऱ्या या उत्तरात निर्णयाची अर्धी किल्ली होती. पण ते कोणाच्या लक्षात यायला वेळ लागला.

हा कॅमेरा दादाजींनी २००९ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घेतला होता. निकॉनचा डी-९०. हे मॉडेल ऑगस्ट २००८ मध्ये जाहीर झाले होते. चित्रफीत टिपू शकणारा तो पहिला डिजिटल एसएलआर, म्हणून त्या काळी त्याचा बराच गवगवा होता. लेन्ससह किंमत पडली ६०,००० रुपये. त्यावर काढलेले पहिले छायाचित्र त्याच संध्याकाळच्या वहीपूजनाचे आहे : नव्या वहीवरचे कुंकवाचे स्वस्तिक, आणि कोपऱ्यात कोणाचा तरी अर्धवट आलेला अंगठा. दादाजी पाच वर्षांपूर्वी गेले. त्यामुळे 'कॅमेरा बदलू या' या वाक्याचा अर्थ त्या घरात प्रत्येकाला वेगवेगळा ऐकू येत होता.

दादाजींनी इतक्या उशिरा, वयाच्या साठीनंतर कॅमेरा का घेतला, यामागेही एक कारण होते. फिल्मच्या काळात त्यांनी कॅमेरा हातात धरला नाही. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा जो प्रकाशसंवेदी थर असतो, तो जिलेटिनमध्ये कालवलेला असतो आणि जिलेटिन जनावरांची हाडे व कातडी उकळून काढतात. ही गोष्ट कळल्यापासून त्यांनी रीळ विकत घेणे सोडले होते. डिजिटल कॅमेऱ्यात रीळच नाही, हे समजल्यावर त्यांची अडचण दूर झाली. स्टुडिओत मिळणाऱ्या पारंपरिक छायाचित्रांच्या कागदावरही जिलेटिनचा थर असतो, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. फार छपाई न करता पडद्यावर पाहणे आणि अगदी निवडक प्रती काढणे हा मार्ग दादाजींनी बहुधा त्यासाठीच धरला असावा. या मार्गातील धोका पुढे दिसून आला.

कॅमेरा 'जुना' झाला म्हणजे नेमके काय झाले, हा प्रश्न व्यापाऱ्याने आधी वहीतच पाहावा. दादाजींनी तो पेढीच्या नावावर घेतला होता, कारण भांड्यांची छायाचित्रे परगावच्या गिऱ्हाइकांना पाठविण्यासाठी त्याचा उपयोग होत असे. यंत्रसामग्रीवर आयकराच्या नियमाप्रमाणे घटत्या शिलकीवर १५ टक्के घसारा मिळतो. दिवाळीत घेतलेली वस्तू त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरात राहते, म्हणून पहिल्या वर्षी निम्माच. या हिशेबाने ६० हजारांचा कॅमेरा मार्च २०२५ अखेर वहीत साधारण ४,८५० रुपयांचा उरतो. नातवाचा मुद्दा हाच होता. पण घसारा हा खर्चाची विभागणी करण्याचा एक संकेत आहे. वस्तू किती झिजली याचे ते मोजमाप नव्हे. पेढीतला पितळी तराजू वहीतून केव्हाच नाहीसा झाला आहे आणि त्याचे काटे अजून सरळ आहेत.

झीज मोजायची तर कॅमेऱ्यातच मोजता येते. कळ दाबली की आत एक पडदा उघडतो व मिटतो. या मॉडेलचा पडदा उत्पादकाने एक लाख उघडझापींपर्यंत तपासलेला आहे. प्रत्येक छायाचित्राच्या फाइलमध्ये ही संख्या नोंदलेली असते. ती काढून पाहिली तर आकडा आला एकतीस हजार आणि काही शे. म्हणजे मोटार जुनी असली तरी धाव थोडीच झालेली. मूठ धरण्याच्या जागचे रबर मात्र सुटले होते आणि बॅटरी तासाभरात उतरत होती. दोन्ही दोष थोडक्या पैशांत निघणारे.

दुसरा आक्षेप मेगापिक्सेलचा. नव्या कॅमेऱ्यात चोवीस किंवा पंचेचाळीस, या जुन्यात केवळ १२.३. ही संख्या ऐकून माणूस दबून जातो. येथेही साधा भागाकार उपयोगी पडतो. या कॅमेऱ्याचे चित्र ४२८८ गुणिले २८४८ बिंदूंचे असते. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू धरले तर साडेनऊ इंच उंच आणि चौदा इंच रुंद प्रत निघते. घरच्या अल्बमचे पान याहून मोठे क्वचितच असते. आणि छायाचित्र नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप समूहावरच जायचे असेल, तर तिथे ते आकुंचित होऊनच पोहोचते.

खरा प्रश्न प्रकाशाचा होता. उपाश्रयाचे सभागृह दिवसाही मंद उजेडाचे असते. साधु-साध्वीजींसमोर फ्लॅश वापरणे पुष्कळ ठिकाणी निषिद्ध मानले जाते, कारण विजेच्या लखलखाटात तेजस्कायाच्या जीवांची विराधना होते अशी श्रद्धा आहे. फ्लॅश नाही म्हटले की कॅमेऱ्याला पडदा अधिक वेळ उघडा ठेवावा लागतो आणि तेवढ्यात रस देणाऱ्याचा हात हलतो. संवेदनक्षमता वाढविली तर चित्रावर रवा उमटतो. या एका बाबतीत नवे कॅमेरे जुन्यांपेक्षा निर्विवाद सरस आहेत आणि नातू ते बरोबर सांगत होता. त्याने उपाश्रयात एका दुपारी चाचणी घेतली, तेव्हा मूळ लेन्स सेकंदाचा पंधरावा भाग मागत होती. सर्व हात पुसट आले.

येथे वडिलांना फोर्टातील बोरा बाजार आठवला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या त्या गल्ल्यांत कॅमेऱ्यांची विक्री, दुरुस्ती आणि जुन्या मालाची देवघेव वर्षानुवर्षे चालत आली आहे. तिथल्या एका दुरुस्ती कारागिराने कॅमेरा उलटापालटा करून पाहिला आणि सांगितले की, कॅमेरा नव्हे, लेन्स बदला. ५० मिलिमीटरची, १.८ छिद्राची जुनी लेन्स घ्या. मूळ लेन्स त्या अंतरावर जेवढा प्रकाश आत घेते, त्याच्या सुमारे सातपट ही घेते. सेकंदाच्या पंधराव्या भागाऐवजी शंभराव्या भागात काम होते. हात हलला तरी हरकत नाही.

आणि पुढची गोष्ट नातवालाही ठाऊक नव्हती. निकॉनच्या एसएलआर कॅमेऱ्यांचा लेन्स बसविण्याचा साचा १९५९ पासूनचा, एफ-माउंट नावाचा आहे. डी-९० च्या पोटात स्वतःची लहान मोटर असल्याने मोटर नसलेल्या जुन्या, स्वस्त लेन्सही त्याच्यावर आपोआप रोख साधतात. मिररलेस कॅमेऱ्यांसाठी कंपनीने २०१८ मध्ये नवा साचा आणला. मध्ये जोडणी लावून जुन्या लेन्स त्यावर बसतात खऱ्या, पण मोटर नसलेल्या लेन्सचा रोख तिथे हातानेच साधावा लागतो. म्हणजे कॅमेरा बदलला की आज ना उद्या लेन्सही बदलाव्या लागणार. किमतीच्या फलकावर हा खर्च लिहिलेला नसतो. जो दुकानदार मापाची चूल बदलताना भांड्यांचे बूडही मोजतो, त्याला हे वेगळे सांगायला नको.

वापरलेली लेन्स घेताना कारागिराने ती उजेडासमोर धरून आत पाहिले. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्सच्या काचेवर आतून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. बुरशी हा जैन घरात केवळ नुकसानीचा विषय नाही. चातुर्मासात खाकरा-पापडांवर फूग येऊ नये म्हणून जी दक्षता घेतली जाते, तीमागे अनंतकाय जीवांची उत्पत्तीच होऊ नये ही यतना असते. एकदा बुरशी आली की साफ करणे म्हणजे हिंसा आणि न करणे म्हणजे तिची वाढ; दोन्ही टाळायचे तर ती होऊच द्यायची नाही. लेन्सला नेमका हाच नियम लागू पडतो. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून वापर. चामड्याच्या पिशवीत लेन्स कधीही ठेवू नये. चामडे ओल धरते. आणि जैन घरात ते मुळात असूही नये.

डिलाईल रोडच्या व्यापाऱ्याला 'ठेवावे की बदलावे' हा प्रश्न नवा नाही. लोअर परळ स्थानकालगतचा, याच रस्त्याच्या नावाने ओळखला जाणारा पूल धोकादायक ठरवून जुलै २०१८ मध्ये बंद केला गेला. त्याच महिन्यात अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग रुळांवर कोसळला होता, तेव्हा कोणी थांबा म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. नवा पूल संपूर्णपणे खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. मधल्या पाच वर्षांत पलीकडचे गिऱ्हाईक पलीकडेच राहिले, हे पेढीच्या रोजमेळात पाहायला मिळते. जवळच्याच बी.डी.डी. चाळींच्या बत्तीस इमारती, १९२० च्या दशकातल्या, त्याही आता पुनर्विकासात निघाल्या आहेत. पूल आणि चाळ यांच्या बाबतीत जीव अवलंबून असतो. तिथे जुन्याचा मोह धरणे हा अपराध ठरेल. कॅमेरा बंद पडला तर कोणाचा जीव जात नाही. म्हणून एका वस्तूचा न्याय दुसरीला लावता येत नाही. बदलामधल्या मोकळ्या काळाची किंमत मात्र दोन्हीकडे मोजावी लागते. नवा कॅमेरा पारण्याच्या दोन आठवडे आधी हाती आला असता, तर ज्या बोटांना जुन्या कळा अंधारात सापडत होत्या, त्या बोटांना ऐन वेळी नव्या कळा शोधाव्या लागल्या असत्या.

याचा अर्थ जुने ते नेहमी ठेवावेच असा नाही. याच कुटुंबातील एक भाचा लग्नसमारंभांचे चित्रण करतो. त्याच्याजवळही हेच मॉडेल होते, आणि त्याने ते केव्हाच बदलले. ते योग्यच केले. डी-९० ची चित्रफीत एका वेळी पाच मिनिटांची, आवाज एकाच वाहिनीचा, आणि चित्रण चालू असताना रोख आपोआप साधत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कार्डासाठी खाच एकच. ज्याने दुसऱ्याच्या लग्नाचे पैसे घेतले आहेत, त्याने दोन कार्डांवर एकाच वेळी नोंद करणारा कॅमेरा वापरणे हे प्रामाणिकपणाचेच अंग आहे. त्याच्यासाठी कॅमेरा हे उत्पन्नाचे साधन. त्यावरचा कर वजावटीत परत मिळतो आणि दोन हंगामांत किंमत वसूल होते. डिजिटल कॅमेऱ्यांवरील वस्तू व सेवा कर जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचाही त्याला लाभ झाला. घरगुती वापरात यातले काहीच नाही.

बाजाराची दिशा पाहिली तर गंमतच आहे. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे रवाना झाले. २०२३ मध्ये ही संख्या ८० लाखांच्या आत होती. मधली जागा मोबाइलने घेतली. पेढीवरच्या भांड्यांची छायाचित्रे आता नातू मोबाइलवरच काढतो आणि ती उत्तम येतात. कारण चकचकीत स्टीलला भारी कॅमेरा लागत नाही, चारही बाजूंनी पांढरे कापड लागते. आणि याच सुमारास कॉलेजातील मुले वीस वर्षांपूर्वीचे छोटे डिजिटल कॅमेरे शोधून विकत घेऊ लागली आहेत.

परिग्रह-परिमाण व्रताचा उल्लेख आला की पुष्कळांना वाटते, ही गोष्ट साधनांची किंवा दारिद्र्याची आहे. उपासकदशांगातील आनंद श्रावक हा वाणिज्यग्रामचा धनाढ्य गृहस्थ होता. चार कोटी सुवर्ण निधानात, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात आणि गाईंचे चार गोकुळ असा त्याचा पसारा. त्याने महावीर प्रभूंजवळ व्रत घेताना तो टाकून दिला नाही. जेवढे आहे त्यावर रेघ ओढली आणि पुढे दातवणापासून फळापर्यंत एकेका वस्तूचे नाव घेऊन मर्यादा ठरविली. रत्नकरंड श्रावकाचारातही या व्रताला इच्छा-परिमाण असेच दुसरे नाव आहे. मोजायची आहे ती इच्छा. या घरात विद्युत उपकरणांची संख्या दादीजींनी तपाच्या आरंभीच ठरवून घेतली होती. नवा कॅमेरा आला असता तर कोणती वस्तू बाहेर काढायची, याचे उत्तर नातवाजवळ नव्हते. त्याने ते शोधण्याचा प्रयत्न केला, ही गोष्ट त्याच्या बाजूने नमूद करायला हवी.

या शोधाशोधीतच ती दुसरी गोष्ट उघड झाली. जुन्या कॅमेऱ्याने काढलेली सर्व चित्रे कुठे आहेत, हे पाहण्यासाठी दादाजींचे कपाट उघडले. २०१० ते २०१४ या काळातील फाइली एका बाह्य हार्ड डिस्कवर होत्या आणि केवळ तिथेच होत्या. ती संगणकाला लावली तर आतून टकटक आवाज आला आणि थांबला. डिस्क उघडणाऱ्या एका जाणकाराकडे ती तीन आठवडे राहिली व काहीही न वाचता परत आली. त्यात २०१२ ची सम्मेदशिखरजींची यात्रा होती. दादाजींनी गुडघे दुखत असताना सत्तावीस किलोमीटरची ती पूर्ण वंदना पायी केली होती, आणि प्रत्येक टुंकेवर थांबून एकेक छायाचित्र काढले होते. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणभूमीवरचे त्यांचे ते दर्शन होते. आता त्यातील अकरा चित्रे उरली आहेत. सहयात्रिकांना देण्यासाठी त्यांनी चार बाय सहाच्या ज्या प्रती काढल्या होत्या, त्यांपैकी उरलेल्या या अकरा. बाकीची कोणाच्याही चुकीने गेलेली नाहीत. केवळ दुसरी प्रत नव्हती.

ज्या घरात पावतीपुस्तकाखाली कार्बन ठेवल्याशिवाय कोणी पावती फाडत नाही, तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन घरांत राहतात, त्या घरात पाच वर्षांच्या आठवणी एका डबीत ठेवल्या गेल्या. दीड लाखाच्या कॅमेऱ्यावर चाललेली चर्चा त्या दिवशी थांबली. जे जपायचे होते ते यंत्र नव्हतेच. एका छायाचित्राच्या तीन प्रती, त्या दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या छपराखाली, हा या क्षेत्रातला सर्वमान्य नियम. हार्ड डिस्क चार-पाच वर्षांची झाली की चालत असली तरी तिच्यावरचा माल नव्या डिस्कवर न्यावा. येथे बदल टाळणे हीच उधळपट्टी.

शेवटी खर्च झाला तो असा : वापरलेली ५० मिलिमीटरची लेन्स, एक नवी बॅटरी, मुठीचे रबर चिकटविण्याची मजुरी, ३२ जीबीची दोन कार्डे, कारण त्याहून मोठी कार्डे या मॉडेलला धार्जिणी नाहीत, आणि दोन हार्ड डिस्क. एकूण वीस हजारांच्या आत. मृत डिस्क आणि जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे दिली गेली. डिस्क देताना वडील थोडे घुटमळले.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी उपाश्रयात गर्दी होती. नातवाने आदल्या दिवशीच भिंतीजवळची जागा पाहून ठेवली होती. ऋषभदेव प्रभूंना श्रेयांसकुमाराने दिलेल्या इक्षुरसाचे स्मरण झाले, मांगलिक झाले, आणि थोरल्या मुलाने उसाच्या रसाचा लहानसा कलश दादीजींच्या ओठांपाशी नेला. फ्लॅश लागला नाही. पडद्याचा खटका तेवढा ऐकू आला, नव्या कॅमेऱ्यापेक्षा अंमळ मोठा. दादीजींनी त्या आवाजाकडे एकदा पाहिले आणि मग रस घेतला. जे चित्र राहिले ते या दोन क्षणांमधले आहे : कलश ओठांशी, नजर कॅमेऱ्याकडे.

त्याच रात्री पेढी बंद झाल्यावर गल्ल्याशेजारी बसून नातवाने २१४ चित्रे दोन्ही डिस्कवर उतरविली. एक डिस्क कपाटात गेली. दुसरी कापडात गुंडाळून, वर तारीख लिहून, पारण्याच्या प्रभावनेच्या डब्याबरोबर सांगलीच्या आत्याबाईंच्या पिशवीत ठेवली.